आहारतज्ज्ञ कोणासाठी घडवायचे?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या आहारशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. गेल्या महिन्यात ती प्रात्यक्षिकाची वही घेऊन माझ्याकडे आली. शरीराच्या रसायनाविषयी तिला माझ्याकडून काही शिकायचे नव्हते. त्या विषयात मीच तिचा विद्यार्थी शोभेन. तिला हवी होती ती ‘अल्प उत्पन्न गट’ या शब्दांची व्याख्या. प्रात्यक्षिकाचा प्रश्न असा होता की, अल्प उत्पन्न गटातील आणि अंगमेहनतीचे काम करणाऱ्या स्त्रीसाठी एका दिवसाचा संतुलित आहार आखावा.

मुलगी हुशार आहे. सकाळी कपभर दूध, दोन्ही जेवणांत डाळ, एकदा मोडाची उसळ, पालेभाजी, एक केळे, रात्री वाटीभर दही असा आहार तिने मांडला होता. उष्मांक, प्रथिने, लोह, कॅल्शियम, अ जीवनसत्त्व यांची बेरीज दशांश चिन्हापर्यंत बिनचूक होती. शेवटचा रकाना ‘दर’ असा होता आणि तो वरपासून खालपर्यंत रिकामा होता. मी विचारले, “अगं, हा का सोडलास?” ती म्हणाली, “सर, आमच्या बाई म्हणाल्या, दर रोज बदलतात. तो नाही भरला तरी गुण जात नाहीत.”

त्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांनाही कोणी हे शिकविले नसावे. परंतु तो रिकामा रकाना तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याची उमेद खर्ची पडली त्याला असे वाटावे हे स्वाभाविकच आहे, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. आपल्याकडे आहारतज्ज्ञ घडविण्याचे जे पदव्युत्तर शिक्षण चालते, त्यात ताटातील अन्नाचे पृथक्करण उत्तम शिकविले जाते. ते अन्न ताटात येते कसे, कोणाच्या ताटात येते आणि कोणाच्या येत नाही, हे मात्र अभ्यासक्रमाच्या कडेला पडले आहे. आणि ही केवळ अभ्यासक्रमाची चूक नाही. शिक्षण संपल्यावर त्या मुलीला पगार कोण देणार, या प्रश्नाच्या उत्तरातून ही चूक जन्मास आली आहे.

वास्तविक पोषणशास्त्र आणि दारिद्र्याचा अभ्यास ही एकाच घरातील भावंडे. इंग्लंडमधील यॉर्क शहरातील गरिबांची पाहणी करून सीबोम राउंट्री याने १९०१ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात दारिद्र्याची रेषा आखताना त्याने आधार घेतला तो अ‍ॅटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने काढलेल्या आहाराच्या प्रमाणांचा. माणसाला जगण्यास आणि काम करण्यास किती अन्न लागते हे ठरल्यावाचून गरीब कोण हे ठरत नव्हते. आपल्याकडे १९१८ साली नीलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाच्या शोधासाठी एक लहानसे केंद्र सुरू केले. तेच वाढत गेले, १९५८ साली हैदराबादला आले आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. या संस्थेचे १९३५ पासूनचे संचालक वॉलेस अ‍ॅक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका १९३७ मध्ये काढली. आज आपल्या विद्यार्थिनी जे तक्ते वापरतात त्यांची ती पूर्वज. हेच अ‍ॅक्रॉइड पुढे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचे सदस्य होते. आयोगाने मृतांचा आकडा सुमारे पंधरा लाख धरला. तो कमी धरला गेला, असे अ‍ॅक्रॉइड यांनी पुढे स्वतःच मान्य केले. पोषणशास्त्रज्ञाने दुष्काळाच्या चौकशीत बसावे, मृतांची मोजदाद करावी आणि तीत झालेली चूक कबूल करावी, हे त्या पिढीला आपल्या कामाबाहेरचे वाटले नव्हते.

महाराष्ट्राच्या वाचकांना तर दुसरा एक प्रसंग आठवेल. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला प्रबंध पुण्याहून प्रसिद्ध केला. माणशी दररोज २२५० उष्मांक मिळवून देईल इतका खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, अशी त्यांची मांडणी होती. त्या हिशेबाने १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतील सुमारे पन्नास टक्के लोक रेषेखाली ठरले. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० उष्मांक हे मान धरले. यावर पां. वा. सुखात्मे यांनी मूलभूत आक्षेप घेतला. जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे काम केलेला हा माणूस पुण्यात बसून सांगत होता की, एकाच निरोगी माणसाची गरज दिवसागणिक कमी-जास्त होते, शरीर आपली जुळवाजुळव करते, आणि म्हणून सरासरी गरजेलाच सीमारेषा मानले तर उपाशी नसलेली माणसेही उपाशी म्हणून मोजली जातात. १९८१ च्या सुमारास दांडेकर-सुखात्मे वाद रंगला तेव्हा मी पदव्युत्तर वर्गात होतो. वर्गात दोन तट पडले होते. आमच्यापैकी बहुतेकांची सहानुभूती दांडेकरांकडे होती. मात्र सुखात्म्यांनी उपस्थित केलेला प्रश्न खोटा नव्हता, हे समजायला मला आणखी काही वर्षे जावी लागली. पण त्यांच्या युक्तिवादाच्या आडोशाने ‘शरीर लहान पण प्रकृती ठीक’ असा एक सिद्धान्त परदेशातून आला, तेव्हा त्याच्याविरुद्ध ठामपणे उभे राहिले ते पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन. खुजी मुले ही गरिबीशी केलेली यशस्वी तडजोड नसून गरिबीची खूण आहे, हे त्यांनी शास्त्राच्या भाषेत सांगितले.

मुद्दा हा की, एका उष्मांकाच्या आकड्यावर कोट्यवधी माणसे गरीब ठरत होती किंवा ठरत नव्हती. इतका राजकीय आकडा दुसऱ्या कोणत्या शास्त्राच्या हाती असेल? आणि आज आहारशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात किती विद्यार्थिनींना हा वाद ठाऊक असतो? मी माझ्या पाहुणीला विचारले. दांडेकर हे नाव तिने ऐकले नव्हते. त्यात तिचा काय अपराध? अर्थशास्त्राच्या वर्गात तरी आम्ही उष्मांक म्हणजे काय हे कुठे नीट शिकविले? घर वेगळे झाले ते दोन्ही बाजूंनी.

जाता जाता आमच्या बाजूची एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण रिकाम्या रकान्याच्या उलट टोकाची चूकही असते. जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली एक कोडे घातले: ७७ खाद्यपदार्थांतून निवड करून ९ पोषकद्रव्यांची गरज कमीत कमी पैशांत कशी भागवावी? उत्तर आले ते वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट, १९३९ च्या दरांनी. आहार कोणता? कणीक, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाल-पावट्याच्या जातीचे वाळलेले दाणे. असा आहार कोणी घ्यावा अशी आपली शिफारस नाही, हे स्टिग्लरनेही सांगून टाकले होते. आमच्या शास्त्राने दराचा रकाना भरला आणि जेवणारा माणूस पुसून टाकला! माणूस आणि दर हे दोन्ही एकाच कागदावर यावेत, एवढीच अपेक्षा आहे.

मग आम्ही दोघांनी तो रकाना भरायचे ठरविले. ‘अल्प उत्पन्न गट’ हा शब्द मी तिला खोडायला लावला. गट जेवत नसतो. त्याऐवजी बीडहून पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्याच्या फडावर आलेली ऊसतोड करणारी एक बाई डोळ्यांपुढे घे, असे सांगितले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या, जड कष्टाचे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला २७२० उष्मांक लागतात. शंभर ग्रॅम ज्वारीतून मिळतात सुमारे ३३५. म्हणजे केवळ भाकरीवर ही गरज भागवायची तर आठशे ग्रॅमांहून अधिक ज्वारी रोज पोटात जायला हवी. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते. दिवसाला ते १६७ ग्रॅम पडते आणि त्यातून मिळणारे उष्मांक साडेपाचशेच्या थोडे वर जातात. गरजेचा पाचवा हिस्सा. उरलेले चार हिस्से बाजारातून, तेही गावापासून दूर, फडाजवळच्या दुकानातून, उधारीवर आणावयाचे.

आता उत्पन्न लिही, असे मी म्हणालो. येथे ती अडखळली, आणि मीही अडखळलो. कारण ऊसतोडीत बाईला स्वतंत्र मजुरी नसते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली असते आणि तोडलेल्या टनांतून ती फिटत असते. हिशेब कोयत्याचा, जेवण मात्र दोघांचे आणि बरोबर आणलेल्या लेकरांचे. ही बाई पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापते, मग फडात जाते, मोळ्या वाहते, परत आल्यावर पाणी-सरपण पाहते. हातात रोख पडते ती उसाचे वाढे विकून आलेली. तिच्या आहारात ‘रात्री वाटीभर दही’ लिहिताना दही लावायला दूध कोठून येणार आणि खोपीत ते ठेवणार कोठे, हे प्रश्न पोषणशास्त्राचे नाहीत काय? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयशस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्या स्त्रियांच्या रक्तातील लोह, त्यांचे जेवण, त्यांच्या कामाचे तास यांचा अभ्यास हा एखाद्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय का होऊ नये?

तसे प्रबंध होतच नाहीत असे मी म्हणणार नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाचे महाविद्यालय उभे राहिले ते ग्रामीण स्त्रीच्या नावानेच, आणि समाजपोषण हा विषय जवळपास सर्वत्र एका प्रश्नपत्रिकेपुरता असतो. वस्तीत एक-दोन भेटी होतात. तक्ते लावले जातात, फोटो निघतात. पण रुग्णालयातील इंटर्नशिप ही ‘खरी’ आणि वस्तीतील भेट ही ‘सहल’ असा संस्कार विद्यार्थिनींच्या मनावर कोणी न सांगता होतो. तो होणारच, कारण नोकरी रुग्णालयात आहे. खासगी रुग्णालय, वजन घटविण्याचे दवाखाने, व्यायामशाळा, खाद्यपदार्थांच्या कंपन्या, आणि आता भ्रमणध्वनीवरून सल्ला देणारे धंदे. या सर्वांचा ग्राहक पोट भरलेला आहे. शिकविणाऱ्यांच्या मनात काहीही असो, विद्यार्थिनीचे शिक्षण पगाराच्या दिशेने कलते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि चारांतील एक उंचीच्या मानाने रोड. निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याच पाहणीत पाचांतील एक स्त्री प्रमाणापेक्षा कृश, आणि त्याहून किंचित अधिक स्त्रिया स्थूल. म्हणजे दोन्ही टोकांचे रुग्ण एकाच राज्यात, कित्येकदा एकाच वस्तीत. मग एका टोकाला पदव्युत्तर तज्ज्ञ आणि दुसऱ्या टोकाला मानधनावरची सेविका, ही वाटणी कोणी केली?

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. तिच्या मूळ रचनेत बालविकास प्रकल्प अधिकारी आहे, मुख्यसेविका आहे, सेविका आणि मदतनीस आहेत. आहारतज्ज्ञाचे पद नाही. देशातील सर्वांत मोठ्या पोषणयोजनेत पोषणशास्त्राच्या पदव्युत्तर व्यक्तीला बसायला खुर्ची नाही, हे एखाद्या परकीय माणसाला सांगितले तर त्याला ती थट्टा वाटेल. तीव्र कुपोषित बालकांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत आणि दहा खाटांमागे एक पोषण सल्लागार असावा असे २०११ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. पण आरोग्य अभियानातील बहुतेक पदांप्रमाणे हेही कंत्राटी, वर्षाअखेरीस टांगते. मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला हे ओळखायचे, आईला समजवायचे, गृहभेट द्यायची, वजन नोंदवायचे, ते पुन्हा भ्रमणध्वनीत भरायचे, हे सारे ती सेविका करते. तिला शासन कर्मचारी म्हणत नाही. उपदान मिळण्यास ती पात्र आहे हे ठरविण्यासाठी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविका-मदतनिसांनी केलेला दीर्घ संप आपल्या कार्यकर्त्यांनी जवळून पाहिला आहे. एक बाई शिकून खाली उतरत नाही, दुसरी काम करूनही वर चढत नाही. दोघीही बाया आहेत, हा योगायोग नव्हे. स्वयंपाकघराशी नाते असलेले शास्त्र स्वस्त मिळाले पाहिजे, अशी आपल्या समाजाची जुनी समजूत आहे.

येथे एक गैरसमज होऊ नये. रुग्णालयातील आहारतज्ज्ञाचे काम दुय्यम आहे असे मला सुचवावयाचे नाही. माझ्या पत्नीची अखेरची दोन वर्षे मूत्रपिंडाच्या आजारात गेली. औषधे डॉक्टरांनी दिली, परंतु रोजचे जगणे आम्हाला शिकविले ते एका तरुण आहारतज्ज्ञ मुलीने. बटाटा चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्या म्हणजे पोटॅशियम कमी होईल, डाळ किती पातळ करा, सणाला काय चालेल, हे ती दर भेटीत न कंटाळता सांगे. आमच्या शेजारच्या खाटेवर रिक्षा चालविणाऱ्या एका गृहस्थांचे डायलिसिस चाले. तीच मुलगी त्यांच्या पत्नीला निराळे सांगे. तेच शास्त्र, पण त्यांच्या चुलीला झेपेल असे. अंडे परवडते का, आठवड्यातून किती परवडतात, असे ती आधी विचारी आणि मग लिही. हे तिला कोणी शिकविले, असे मी एकदा विचारले. “कोणी नाही. वॉर्डनेच शिकवलं,” असे ती म्हणाली. मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकार श्रीमंतांची मक्तेदारी उरलेली नाहीत. म्हणूनच दर विचारण्याची तिची ती सवय नशिबावर न सोडता अभ्यासक्रमात आली पाहिजे.

आता हा विषय आजच का काढला, ते सांगतो. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ आले. किमान ३६०० तासांचे शिक्षण, राज्य परिषदेकडे नोंदणी, अशी त्याची चौकट आहे. २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दहा व्यवसायांचे नवे अभ्यासक्रम जाहीर केले, त्यांत पोषण व आहारशास्त्र आहे. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने या शाखांतील दूरशिक्षणाचे आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नवे प्रवेश थांबविण्याचे आदेश दिले. चार आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर ‘डाएटिशियन’ची पाटी लावणाऱ्यांचा सुळसुळाट पाहता नोंदणीचे मी स्वागतच करतो. प्रत्यक्ष रुग्ण न पाहता कोणी आहारतज्ज्ञ होऊ नये, हेही मान्य.

पण दार बंद करताना उंबऱ्यावर कोण उभे होते हे पाहायला नको काय? तालुक्याच्या गावी नोकरी-संसार सांभाळून मुक्त विद्यापीठातून आहारशास्त्र शिकणारी स्त्री, पदवीधर असलेली एखादी अंगणवाडी सेविका, यांना शहरातील पूर्णवेळ महाविद्यालय, त्याचे शुल्क, वसतिगृह आणि वर बिनपगारी इंटर्नशिप परवडणार आहे का? दर्जा राखण्याच्या नावाने जातीने आणि वर्गाने वरच्या असलेल्यांसाठी कुंपण घालायचे, हा अनुभव आपल्याला अनेक व्यवसायांत आला आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून आहारतज्ज्ञाच्या नोंदणी परीक्षेला बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी अनिवार्य झाली. त्यापूर्वीपासूनच तेथे किमान एक हजार तासांचे देखरेखीखालील काम करावे लागते. ते पुष्कळदा विनावेतन असते आणि कित्येक ठिकाणी उमेदवारालाच त्यासाठी पैसे मोजावे लागतात. पात्रता एक पायरी वर नेली की पगार वर जातोच असे नाही. आत येणाऱ्यांची संख्या आणि सामाजिक थर मात्र निश्चित बदलतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात आम्ही हे शिकवीत असू.

म्हणून माझ्या मते मागणी पदांपासून सुरू झाली पाहिजे. प्रत्येक बालविकास प्रकल्पात नियमित वेतनश्रेणीवर एक पोषणतज्ज्ञ असावा. आदिवासी तालुक्यांत, मेळघाटात, जव्हार-मोखाड्यात, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात तरी हे पहिल्या वर्षापासून व्हावे. पद निर्माण झाले की अभ्यासक्रम आपोआप त्याकडे वळेल. आज तो जसा खासगी रुग्णालयाकडे वळला आहे तसाच. दुसरे असे की, एम.एस्सी.च्या चार सत्रांपैकी एक संपूर्ण सत्र विद्यावेतनासह अशा प्रकल्पात काढावे. रुग्णालयाइतकेच गुण त्याला असावेत, आणि त्यात शिधावाटप दुकान, आठवडी बाजार, मजुरीचा दर आणि शाळेतील मध्यान्ह भोजनाचा प्रत्यक्ष खर्च यांचा अभ्यास असावा. पाच-सात वर्षे काम केलेल्या पदवीधर सेविकांसाठी पगारी अभ्यासरजा आणि राखीव जागा असाव्यात. दूरशिक्षण बंद करणाऱ्या शासनाला हे देणे लागतेच. पैसा कोठून येणार, असे विचारले जाईल. एका पदाच्या वेतनाची तुलना तालुक्यातील घरपोच आहाराच्या पाकिटांवर होणाऱ्या वार्षिक खर्चाशी करून पाहावी. ती पाकिटे मुले किती खातात आणि गुरांपुढे किती जातात हे पाहायला त्या तालुक्यात शिकलेले माणूस नाही, ही उधळपट्टी नव्हे काय?

आणखी एक गोष्ट, तिच्यावर फार बोलले जात नाही. बाळांच्या दूधपावडरीबाबत १९९२ चा कायदा आणि त्यातील २००३ ची दुरुस्ती इतकी कडक आहे की अशा कंपन्यांना आरोग्यसेवकांची परिषद, शिष्यवृत्ती, संशोधन यांना पैसा देता येत नाही. इतर खाद्यपदार्थांच्या बाबतीत असे बंधन नाही. विद्यार्थिनींच्या परिसंवादाला बिस्किटे, पेये आणि पूरक भुकट्या विकणारे पैसे देणार असतील, तर त्या विद्यार्थिनी पुढे कोणाची भाषा बोलतील? शिक्षणापुरता तरी हा नियम सर्व खाद्यउद्योगाला लावावा.

मी बारा-तेरा वर्षांचा असताना, १९७२ च्या दुष्काळात, आमच्या गावाजवळ खडी फोडण्याचे काम निघाले होते. तेथे सुकडी वाटली जाई. पीठ, गूळ आणि तेल यांचा तो खरपूस वास मला अजून आठवतो; मजुरांची मुले ती ओंजळीत घेऊन जपून, चिमूट चिमूट खात. मीही खाल्ली आहे. कोणी तरी कोठे तरी बसून त्या ओंजळीचे उष्मांक मोजले असणार, तिचा खर्च काढला असणार, ती फडक्यात बांधून नेता येते की नाही हे पाहिले असणार. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाईविरुद्ध स्त्रियांना लाटणी हातात देऊन रस्त्यावर आणीत होत्या. त्या बायकांना दराचा रकाना तोंडपाठ होता; उष्मांकाचा रकाना त्यांच्याजवळ नव्हता, एवढेच.

कार्यकर्त्यांना दोन कामे सुचवितो. आपापल्या तालुक्यातील बालविकास प्रकल्प कार्यालयात जाऊन पोषणासाठी कोणकोणती पदे मंजूर आहेत, किती भरलेली आहेत आणि किती कंत्राटी आहेत, याची माहिती अधिकाराखाली लेखी माहिती घ्यावी. आणि नव्या अभ्यासक्रमाची अंमलबजावणी होत असताना जवळच्या गृहविज्ञान महाविद्यालयातील शिक्षकांना भेटावे. त्यांच्यातील अनेकजणी या प्रश्नावर एकट्याने झगडत असतात असा माझा अनुभव आहे. माझी ती पाहुणी येत्या रविवारी आठवडी बाजारात दर उतरवून घ्यायला जाणार आहे. ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, अंडी, मेथी आणि गोडे तेल. सरपणाचा किंवा गॅसचा खर्च कसा धरायचा, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.